बाही कुठे, पाठ कुठे?

मनालीहून परतलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये साधारण तीन प्रकारचे फोटो असतात. याकच्या पाठीवरचा, भाड्याच्या फरकोटातला आणि बर्फात उताणं पडलेला. माझ्याकडे यातला एकही नाही. माझ्याकडे आहेत एका श्रगचे चौतीस फोटो. पुढून, मागून, आतून, बाहेरून, काखेतला क्लोज-अप... ऑफिसात लंचच्या वेळी मी ते मोठ्या हौसेने दाखवायला काढले, तर चौथ्या फोटोलाच सगळ्यांना आपापल्या डब्यातली भाजी जास्त इंटरेस्टिंग वाटायला लागली.

पण तुम्ही तरी ऐकून घ्या. कारण श्रग हा एक फसवा प्रकार आहे.

आठवतोय ना श्रग? २००५-०६ च्या आसपास त्याची काय हवा होती! मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. माझी कॉलेजात जाणारी मावसबहीण स्लीव्हलेस टॉपवर छातीशी गाठ मारलेला एवढासा श्रग घालून यायची आणि आजी तिला दरवेळी विचारायची, "अगं, उरलेलं कुठे गेलं?" जॅकेट म्हणावं, तर पुढे बंद होत नाही. शाल म्हणावी, तर बाह्या आहेत. पोट उघडं, खांदे मात्र गुरफटलेले. पुढे त्याची फॅशन ओसरली, मॉलमधल्या सेलच्या ढिगात त्याचे ढीग पडले आणि मी त्याला विसरून गेले. तो परत भेटला थेट वशिष्ठमध्ये.

२०२४ च्या नोव्हेंबरात मला चार दिवसांची रजा मिळाली. मिळाली म्हणजे घ्यावी लागली, नाहीतर वाया गेली असती. बरोबर येणारी मैत्रीण ऐनवेळी एका 'अर्जंट' डेडलाइनमध्ये अडकली, म्हणून मी एकटीच दिल्लीहून रात्रीच्या व्होल्वोत बसले. सव्वापाचशे-साडेपाचशे किलोमीटरचा रस्ता. पहाटे डोळे उघडले तेव्हा खिडकीबाहेर बियास होती आणि तिच्या काठचा रस्ता जागोजागी अजून ठिगळं लावल्यासारखा दिसत होता. जुलै २०२३ च्या पुरात नदीने इथले मोठमोठे तुकडे ओढून नेले होते. नदी मात्र अंगाला काही लागलंच नाही अशा थाटात, निळी-हिरवी, दगडांवरून खिदळत चाललेली.

मनालीच्या मॉल रोडवर मी फार थांबले नाही. (तुम्हीही थांबू नका. तिथे लक्ष्मी रोड आहे, फक्त स्वेटर घातलेला.) नदी ओलांडून तीनेक किलोमीटर वर चढलं की वशिष्ठ लागतं. एकच गल्ली, दोन्ही बाजूंनी कॅफे, गेस्ट हाऊस, लोकरीची दुकानं आणि गल्लीच्या टोकाला वसिष्ठ ऋषींचं देऊळ. देवळाला लागून गरम पाण्याची कुंडं आहेत, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. पाण्याला गंधकाचा वास. बाहेर गरम पाण्याच्याच धारा सोडलेल्या आहेत आणि तिथे गावातल्या बायका बिनदिक्कत धुणं धुतात. चार-पाच डिग्री थंडीत कपड्यांतून निघणारी वाफ बघत उभं राहणं, हा माझा पहिल्या सकाळचा कार्यक्रम होता.

आता या गावाची गोष्ट सांगते, कारण ती पुढे लागणार आहे. मुलं मारली गेल्यावर दुःखाने वेडे झालेल्या वसिष्ठांनी स्वतःला दोरांनी बांधून घेतलं आणि नदीत उडी टाकली. नदीने ते दोर सोडले आणि त्यांना काठावर आणून ठेवलं. पाश सोडवणारी म्हणून ती विपाशा. विपाशाची झाली बियास. थोडक्यात, गाठी सुटण्यासाठी हे गाव महाभारतापासून प्रसिद्ध आहे.

देवळाकडून खाली येताना, एका जुन्या घराच्या ओट्यावर एक बाई विणत बसली होती. घर अस्सल इथल्या पद्धतीचं, काठकुणी. देवदाराचं एक लाकूड, मग दगडांचा एक थर, पुन्हा लाकूड. चुना नाही, सिमेंट नाही, एकमेकांच्या वजनावर सगळं उभं. बाईच्या मागे दोरीवर मोजे, टोप्या, मफलर, आणि मधोमध एक शेवाळी रंगाचा श्रग लोंबत होता. शेजारी तिची सासू पट्टू नेसून उन्हाला बसलेली. पट्टू म्हणजे इथल्या बायकांचं चौकड्यांचं जाड लोकरी वस्त्र. शिवण नाहीच. अख्खं कापड अंगाभोवती घ्यायचं आणि खांद्यांपाशी मोठ्या पिना खोचायच्या, बस्स. नऊवारीची थंडीतली चुलतबहीणच म्हणा ना.

"कितने का है दीदी?"

"बारह सौ।"

मी पुण्याची. मी म्हटलं, पाचशे. तिने सुयांवरची नजर न काढता मान हलवली. मी चार पावलं पुढे गेले, परत आले, कोपऱ्यावर मॉल रोडला असाच सहाशेला मिळतो अशी थाप मारली. शेवटी सातशेला सौदा तुटला. यूपीआयचा 'टिंग' वाजला आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पाचशे वाचवले! लगेच शेजारच्या कॅफेत जाऊन साडेतीनशेचं काहीतरी फेसाळ प्यायले, तेव्हा मात्र घासाघीस केली नाही.

संध्याकाळी रूमवर श्रग घातला आणि आरशासमोर उभी राहिले. छान बसला होता. खांद्यांवरून मऊ उतरत काखेपाशी वळणारा, मानेमागे जाडसर कॉलरसारखी पट्टी, तीच पट्टी पुढून खाली जाऊन कमरेच्या वर पाठीला वेढा घालून परत मानेशी. बटण नाही, हूक नाही, तरी घसरत नाही. म्हटलं, हे थांबलंय कशाच्या आधारावर? म्हणून खांद्याची शिवण शोधायला गेले. खांद्याला शिवण नव्हती. बाही पाठीला जिथे जोडतात ती गोल शिवणही नव्हती. पुढचे दोन भाग शोधले, तर पुढचे भागच नव्हते! आपण जे घातलंय त्याला पाठ आहे, बाह्या आहेत आणि त्या एकमेकांना कुठेच जोडलेल्या नाहीत, ही जाणीव जरा भीतिदायक असते. मी दिवसभर एक्सेल शीटमध्ये कुठला आकडा कुठून आला हे शोधणारी बाई. मला झोप लागेना.

त्यात काखेपाशी आतून बोटभर धागा लोंबत होता. फिनिशिंग म्हणून नाही यांना, असं म्हणत मी नेलकटरने तो मुळापासून कापून टाकला.

दुसऱ्या दिवशी जोगिनी धबधब्याकडे निघाले. गावातून तासाभराची मस्त वाट आहे, सफरचंदांच्या बागांतून (नोव्हेंबरात झाडं अगदी निष्पर्ण, पण समोरचे डोंगर स्वच्छ), मग देवदार, मग पाण्याचा आवाज. एका खडकावर चढायला हात वर केला आणि काखेत काहीतरी 'सर्र' झालं. बघते तर चांगली वीतभर शिवण उसवलेली. विपाशेच्या गावात माझेही पाश सुटले होते. थंड वारा थेट बरगडीत. धबधबा कसा होता हे मला नीट सांगता येणार नाही, मी तो रागात बघितला.

परत येऊन कॅफेत बसले, श्रग टेबलावर पसरला आणि म्हटलं, भांडायला जायच्या आधी केस नीट तयार करू.

उसवल्यामुळे एक फायदा झाला होता. एका बाजूची बाही आता नळी राहिली नव्हती, उघडून सपाट होत होती. ती सपाट केली तशी पाठही तिच्या ओळीत आली. आणि मग मला टाके दिसले. दोन सुयांवरच्या साध्या विणीत सुलट बाजूला व्हीच्या आकाराचे टाके एकाखाली एक दिसतात, स्वेटरवर ते उभ्या रांगांत असतात. इथे पाठीवर सगळे व्ही आडवे झोपले होते! म्हणजे पाठ खालून वर विणलेलीच नव्हती, बाजूने बाजूकडे विणली होती. मी त्या व्हींच्या मागे लागले. डाव्या बाहीच्या मनगटापासून रांग निघते, बाहीवरून वर येते, पाठीवरून आडवी जाते, उजव्या बाहीत शिरते आणि उजव्या मनगटाला संपते. कुठेही न तुटता. म्हणून डाव्या बाहीवर व्हीची टोकं मनगटाकडे आणि उजव्या बाहीवर मनगटापासून दूर. दोन बाह्या जुळ्या दिसत होत्या, पण एक विणीची सुरुवात होती आणि दुसरी शेवट.

काउंटरवरच्या मुलाकडून स्टेपलर मागून घेतला. कागदी नॅपकिन लांबट फाडला, लांबीत दुमडला, आणि दोन्ही टोकांकडून आत थोडं थोडं स्टेपल केलं. मध्यभाग उघडा ठेवला. मग त्या दोन टोकांत दोन बोटं घातली आणि बोटं पसरली.

श्रग!

मी इतक्या मोठ्याने "अरे!" म्हटलं की शेजारच्या टेबलवरचं जोडपं दचकलं. एक लांब आयत. बस्स. टोकं शिवली की बाह्या होतात, मधे उघडं राहतं ती फट. फटीची वरची कड मानेमागे येते, खालची कड पाठीवर, आणि पुढचे भाग मुळात नसतातच, त्या दोन कडा खांद्यावरून वळून पुढे भेटतात इतकंच. इतकी वर्षं आजी विचारत होती ते 'उरलेलं' कुठेच गेलं नव्हतं. ते कधी नव्हतंच.

थिअरी हातात आली तसा राग आणखी वाढला. दोनच शिवणी असलेल्या कपड्याची एक शिवण दुसऱ्या दिवशी उसवते म्हणजे काय! तावातावाने ओट्यावर गेले. दीदीने श्रग हातात घेतला, काखेची जागा डोळ्यांपाशी नेली आणि बोटाने एक बारीक टोक वर काढलं.

"धागा आपने काटा?"

मी काही बोलले नाही. माझा चेहरा बोलला असावा.

"यही तो ताला था।"

शिवण संपते तिथे धाग्याचं शेपूट आत दोन-तीन बोटं फिरवून लपवायचं असतं आणि थोडं मोकळं ठेवायचं असतं, कारण श्रग ताणला जातो तो नेमका याच कोपऱ्यात. बाही संपून फट सुरू होते तिथे. अंगावर घालून एकदा हात ताणले की शेपूट आपसूक आत ओढलं जातं. मी ते मुळापासून छाटलं होतं. मला वाटलं आता ही चार शब्द सुनावणार. तिने सुई शोधली आणि बाजूचं बसकूर माझ्याकडे सरकवलं.

पुढचा दीड तास हा माझ्या ट्रिपचा बेस्ट भाग. नग्गरला जाऊन रोरिक यांचं घर बघायचं ठरवलं होतं (१९२८ पासून १९४७ मध्ये जाईपर्यंत तो रशियन चित्रकार तिथे राहिला), ते राहिलंच. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

मी माझा नॅपकिन दाखवला. ती हसली. तिनेही हे असंच शोधून काढलं होतं म्हणे. काही वर्षांपूर्वी एक परदेशी मुलगी आपला श्रग रफू करायला देऊन गेली, सकाळी परत हवा म्हणून. दीदीने असलं काही कधी केलं नव्हतं. मोजे, टोप्या, स्वेटर, सगळ्याला पुढचा-मागचा असतो. रात्रभर ते उलटून पालटून बघितलं, फंदे मोजले, सुतळीने लांबी घेतली आणि सकाळी देऊन टाकलं. मग घरातल्या शिल्लक लोकरीचा पहिला केला, तो पार चुकला. शिवण दोन्हीकडून जास्त आत आणली, मधली फट उरली वीतभर. "मेरा तो सिर भी नहीं घुसा, पीठ क्या घुसती!" शेवटी तो शेजारच्या सहा वर्षांच्या पोरीला झाला. हे सांगताना सासूसुद्धा हसली, म्हणजे घरातला जुना जोक असणार.

या कपड्याची खरी गोम मला तिच्याकडून कळली. आयताची जी रुंदी, तोच बाहीचा घेर आणि तीच पाठीची उंची. आकडा एकच! माझ्या श्रगची रुंदी ४५ सेंटिमीटर. म्हणजे पाठ ४५ सेंटिमीटर, ठीक आहे. पण ४५ चा घेर दंडाला ढगळा होतो आणि मनगटाला तर तंबू. बाही अंगासरशी हवी म्हणून रुंदी कमी करावी, तर पाठ आखूड पडून मानेखाली रुमाल टाकल्यासारखं दिसतं. मग करायचं काय? मनगटाशी कमी टाक्यांवर सुरुवात करायची, दोन सुलट दोन उलटची घट्ट पट्टी विणायची आणि ती संपली की टाके वाढवायचे. दुसऱ्या मनगटाशी तितकेच कमी करायचे. म्हणजे बाही तोंडाशी आवळली जाते. आणि पाठ? ती वाढवायची कडेच्या पट्टीने. दोन्ही शिवणी घातल्यावर मधल्या फटीच्या सगळ्या कडेने टाके उचलायचे आणि तारेच्या लांब सलाईवर गोल गोल पट्टी विणत जायचं. ती वर मानेशी कॉलर होते, खाली पाठ लांबवते, आणि रिबच्या ताणामुळे अख्खा कपडा खांद्यांना धरून ठेवते. माझ्या कालच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. श्रग थांबतो तो या पट्टीवर. मधला आयत नुसता प्रवासी.

टाके उचलण्यातही खुबी. ही कड म्हणजे ओळींची बाजू, आणि ओळीची उंची टाक्याच्या रुंदीहून कमी असते. दर ओळीमागे एक टाका उचलला तर पट्टीत टाके जास्त होतात आणि झालर पडते. फार कमी उचलले तर कड चुणते. "चार सलाई पे तीन फंदे," दीदी म्हणाली. इकडे ओळीलाही सलाईच म्हणतात. काखेच्या कोपऱ्यात मात्र एखादा जास्तीचा, नाहीतर तिथे भोक दिसतं.

बाय द वे, मॉल रोडवर 'हॅण्डमेड' म्हणून बरंच काही मिळतं आणि त्यातलं पुष्कळसं लुधियानाच्या मशीनवरून आलेलं असतं. वाईट असतं असं नाही, स्वस्त तर असतंच. पण ओळखायचं असेल तर कपडा उलटा करा. आत कापलेल्या कडेवर ओव्हरलॉकची बारीक दोऱ्यांची शिलाई दिसली की समजा, विणलेल्या तागातून कातरीने कापून शिवलंय. हाताने विणलेल्यात कड कापावी लागत नाही, हवा तो आकार सुईवरच तयार होतो. आणि कुठेतरी एखादं लपवलेलं शेपूट असतं. ते कापू नका, एवढंच सांगेन.

ती शिवत होती आणि मी सवयीप्रमाणे फोनवर कॅल्क्युलेटर काढला. दहा सेंटिमीटरमध्ये १६ टाके, २० ओळी. रुंदी ४५ म्हणजे ७२ टाके. मनगट ते मनगट १४० म्हणजे २८० ओळी. गुणाकार २०,१६०. दोन्ही मनगटांच्या पट्ट्या ७२ ऐवजी ४८ टाक्यांच्या, ते ९६० वजा. कडेला १६८ टाके उचलले होते (तीनदा मोजले), त्यावर २० फेऱ्या, म्हणजे ३,३६० अधिक. एकूण २२,५६०.

"दीदी, एक मिनिट में कितने फंदे?"

तिने कधी मोजलं नव्हतं. मी घड्याळ लावलं. बोलता बोलता, गिऱ्हाइकाकडे बघता बघता तीसेक होत होते. म्हणजे ७५२ मिनिटं. साडेबारा तास. शिवण आणि शेपटं लपवणं वेगळं. लोकर किती लागली? २६० रुपयांची. सातशेतून २६० गेले, उरले ४४०. भागिले साडेबारा.

तासाला पस्तीस रुपये आणि काही पैसे.

मी स्क्रीन दोनदा बघितला. काल ज्या कॅफेत पाठ थोपटून घेतली, तिथला एक कप म्हणजे हिचे दहा तास. मी पर्स उघडली आणि म्हटलं, "दीदी, वो पाँच सौ..." तिने हात केला. "वो तो हो गया। सिलाई का पचास दे दो।" आवाजात राग नव्हता, उपकारही नव्हते. काल ठरलेला भाव तिच्या लेखी संपला होता. म्हणाली, बोगदा झाल्यापासून (रोहतांगखालचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला) बऱ्याच गाड्या खालूनच थेट पलीकडे जातात, वर गावात चढतच नाहीत. नोव्हेंबरात दोरीवर लोंबत राहण्यापेक्षा सातशे बरे. मग मी पन्नास दिले आणि आईला व्हिडिओ कॉल लावला.

आई विणायची. 'ची' म्हणते, कारण २०१९ पासून तिच्या बोटांची सुज उतरत नाही. सुया माळ्यावर गेल्या आणि आता साध्या स्वेटरची बटणं लावायलाही बाबा लागतात. ते तिला मुळीच आवडत नाही. मी श्रग कॅमेऱ्यासमोर धरला. कुठलीही दुसरी आई रंग बघेल. ही म्हणाली, "आतून दाखव." मग म्हणाली, "बटणं नाहीयेत ना? फोन दे त्यांना."

पुढची दहा मिनिटं मी नुसती फोनचा स्टँड होते.

"बहेनजी, वो कडेला, मतलब किनारे पे, टाका कैसे उचल्या? एक ओळ में एक?"

"ना ना दीदी, चार सलाई पे तीन फंदे।"

"हाँ! वहीच तो! मैं पहले एक पे एक उठाती थी, तो झालर हो जाता था।" मग मला मराठीत, "तुझा दुसरीतला मरून स्वेटर आठवतो? गळ्याला झालर झालेला? तो पहिला होता माझा."

आठवतो. चांगलाच. वर्गात मुली मला 'फ्रिल' म्हणायच्या. तो स्वेटर मी आठवड्यात 'हरवला', म्हणजे मुद्दाम स्कूलबसच्या सीटखाली ढकलून उतरले. आई तेव्हा काही बोलली नव्हती. दुसरीतल्या मुलीचा स्वेटर म्हणजे साधारण किती टाके, हा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप सुरू झाला आणि मी तो अर्ध्यावर सोडला.

माप घ्यायचं ठरलं. आई हात पसरून हॉलमध्ये उभी, टेपचं दुसरं टोक बाबांच्या हातात. पुण्यातल्या नोव्हेंबरात कानटोपी घालून बसणारी जी एक जमात आहे, तिचे बाबा आजीव सभासद. ती मरून टोपी, नाकावर घसरलेला चष्मा, "एकशे अठ्ठावीस. नाही, थांब, एकशे सव्वीस. अगं हात खाली करू नकोस!" शेवटी आईनेच निकाल लावला. पूर्ण बाही नको, भांडी घासताना भिजते. कोपराखाली चार बोटं. दीदीने तेवढंच लक्षात ठेवलं. कागदावर काही लिहिलं नाही, मनगटाला एक लोकरीचा तुकडा गुंडाळला आणि त्याला दोन गाठी मारल्या.

बाराशे रुपये. या वेळी मी घासाघीस केली नाही आणि तिनेही काही सवलत दिली नाही.

पार्सल स्पीड पोस्टाने घरी पोचलं तेव्हा योगायोगाने मी तिथेच होते. आईने ते कात्रीने न फाडता चिकटपट्टी सोडवून उघडलं. मग खिडकीपाशी जाऊन श्रग उलटा केला आणि चष्मा लावून आतली सगळी कड बोटाखालून घातली. कोपऱ्यावर थांबली. "इथे एक जास्तीचा उचललाय. हुशार आहे बाई." पुढे पाठीच्या मध्याजवळ परत थांबली आणि एकदम खुलली. "हा बघ, एक उलटचा सुलट झालाय!" मग घातला. दोन हात, दोन बाह्या, झालं. बाबा बटणं लावायला उठले होते, ते परत बसले.

आता बोलायला हरकत नाही असं वाटलं, म्हणून मी तिला सांगून टाकलं. मरून स्वेटर, स्कूलबस, सीटखाली.

"माहितीये," आई म्हणाली. "ड्रायव्हरकाकांनी दुसऱ्याच दिवशी आणून दिला होता. मी उसवून टाकला."

"आणि?"

तिने हनुवटीने बाबांच्या डोक्याकडे खूण केली.